येशू बौद्ध नव्हता, ज्यू होता : गेझा व्हर्मेश आणि आपले व्हॉट्सॲप संशोधन

दरवर्षी नाताळ जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. येशू ख्रिस्त तरुणपणी भारतात आला, लडाखच्या हेमिस विहारात बौद्ध भिक्खूंकडे शिकला आणि परत जाऊन त्याने सांगितला तो धम्मच होता. शेवटी पुरावा म्हणून मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांचे नाव जोडलेले असते. आपले कार्यकर्ते हा मेसेज अभिमानाने पुढे ढकलतात. त्यामागची भावना मला कळते. ज्या धम्माला या देशात गाडून टाकले, तो जगभर पोचला होता हे सांगायची ओढ आपल्याला असतेच.

पण मेसेज खोटा आहे. हेमिसची कथा निकोलस नोटोविच नावाच्या एका रशियन प्रवाशाने १८९४ साली फ्रेंच पुस्तकात छापली. पुढच्याच वर्षी आग्र्याचे एक प्राध्यापक, जे. आर्चिबाल्ड डग्लस, हेमिसला गेले आणि त्यांनी तिथल्या प्रमुख लामांना विचारले. असा ग्रंथ आमच्याकडे नाही, असे लामांनी स्पष्ट सांगितले. मॅक्स म्युलर यांनीही त्या पुस्तकाचा समाचार घेतला. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच निकालात निघालेली गोष्ट आपण अजून वाटत बसलो आहोत. राहिल्या मृत समुद्राच्या गुंडाळ्या. त्यांत येशूचे नाव एकदाही येत नाही. बुद्धांचेही येत नाही.

या गुंडाळ्या आयुष्यभर वाचणारा एक अभ्यासक होता. गेझा व्हर्मेश. त्यांचे काम समजून घेतले तर वरचा मेसेज नुसता चुकीचा नाही, तर आपल्याच भूमिकेच्या विरोधात जाणारा कसा आहे, हे कळते. म्हणून हा लेख.

व्हर्मेश यांचा जन्म २२ जून १९२४ चा, हंगेरीतल्या माको गावचा. वडील पत्रकार, आई शिक्षिका, दोघेही ज्यू. ज्यू म्हटले की मराठी माणसाला कोकणातले शनवार तेली आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मराठी बोलणारे, गावगाड्यात आपली जागा करून राहिलेले बेने इस्रायली. त्यांच्यावर इथे ज्यू म्हणून हल्ले झाले नाहीत. युरोपातली कथा मात्र वेगळी होती. हंगेरीत १९२० सालीच विद्यापीठांमधली ज्यूंची संख्या मर्यादित करणारा कायदा झाला होता. ज्या समाजातून शिकलेली माणसे जास्त निघतात त्याला ‘प्रमाणात’ आणायचे, असा तो उलटा न्याय. १९३१ साली या कुटुंबाने कॅथलिक ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई पुढे मनापासून श्रद्धाळू झाली. पण मुलाला पुढे त्रास होऊ नये हा हिशेबही त्यात होता.

हिशेब चुकला. १९३८ पासून हंगेरीत एकामागून एक ज्यूविरोधी कायदे आले आणि त्या कायद्यांना बाप्तिस्म्याचा दाखला पुरेना. तुमचे आजी-आजोबा कोण होते, एवढेच ते विचारत. धर्म बदलला, नाव चर्चच्या वहीत गेले, तरी जन्म मागून आला. विद्यापीठाचे दार बंद, म्हणून गेझा पाद्री होण्यासाठी धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत दाखल झाला. १९४४ च्या वसंतात जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या आणि मे ते जुलै या काही आठवड्यांत चार लाखांहून जास्त ज्यू रेल्वेच्या डब्यांत कोंबून, बहुतेक ऑशविट्झला, पाठवले गेले. त्या वर्षी गेझाचे आई-वडील गेले ते परत आले नाहीत. मुलगा चर्चच्या आसऱ्याने लपत वाचला.

युद्ध संपल्यावर त्याने डॉमिनिकन या मोठ्या कॅथलिक संघात प्रवेश मागितला. ज्यू मूळ आहे म्हणून नकार मिळाला. हे हिटलर मेल्यानंतरचे आहे. ज्या धर्माने बाप्तिस्मा दिला, ज्याच्या छपराखाली जीव वाचला, त्याच धर्माच्या एका दारावर पुन्हा जन्म विचारला गेला. भारतातल्या दलित ख्रिश्चनांना हे वेगळे समजावून सांगायला नको. स्मशानभूमीसुद्धा वेगळी ठेवणारी गावे त्यांनी पाहिली आहेत.

इथे काही जण म्हणतील, बघा, धर्मांतराने काही होत नाही. नाही, यातून ते सिद्ध होत नाही. एक कुटुंब एकटे, गुपचूप, बहुसंख्याकांच्या धर्मात जाते तेव्हा ते त्या बहुसंख्याकांच्या मर्जीवर राहते. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात घोषणा केल्यापासून १९५६ पर्यंत जो एकवीस वर्षे विचार केला, त्यातला मोठा भाग हाच होता. धर्मांतर समूहाने करायचे, ताठ मानेने करायचे, आणि ज्याच्या पंक्तीत आपण कायम शेवटीच बसणार त्याच्या घरात जायचे नाही. व्हर्मेश कुटुंबाला ती सोय नव्हती, हे त्यांचे दुर्दैव. त्यांचा दोष नव्हे.

शेवटी ‘नोत्र दाम द सिऑन’ या संघाने त्यांना घेतले. हा संघ मुळात ज्यू घरातून ख्रिस्ती झालेल्या रातिस्बोन बंधूंनी काढलेला. त्यांनी बेल्जियममधल्या लूव्हाँला धर्मशास्त्र आणि प्राच्य भाषांचा अभ्यास केला. पुढे पॅरिसमध्ये पॉल देमान आणि रेने ब्लोक या सहकाऱ्यांसोबत ते कॅथलिक शिकवणुकीतल्या ज्यूद्वेषाविरुद्ध लिहीत होते. मुलांना ‘ज्यूंनी येशूला मारले’ असे वर्गात शिकवले जात होते, तो हा काळ. चर्चने ज्यूंवरचा तो सामूहिक आरोप अधिकृतपणे मागे घेतला तो १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. त्याची जमीन अशा छोट्या गटांनी आधी नांगरून ठेवली होती.

लूव्हाँला असतानाच त्यांच्या हाताला गुंडाळ्या लागल्या. १९४७ च्या आसपास मृत समुद्राच्या वायव्य काठावर, कुमरानच्या डोंगरातल्या एका गुहेत तआमिरा जमातीच्या बदाऊन मेंढपाळांना मातीच्या रांजणांत चामड्याच्या गुंडाळ्या मिळाल्या. या शोधाचे पहिले मानकरी कोणी प्राध्यापक नव्हते, मेंढरे वळणारी पोरे होती, हे लक्षात असू द्या. पुढच्या दहा वर्षांत अकरा गुहा आणि नऊशेच्या आसपास हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंतचे. त्यांतली यशया संदेष्ट्याची सात मीटरहून लांब गुंडाळी तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. व्हर्मेश यांनी १९५३ साली याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. त्या गुंडाळ्यांवरच्या जगातल्या पहिल्या प्रबंधांपैकी तो एक होता.

१९५७ ला त्यांनी पाद्रीपण सोडले. प्रेमात पडले होते, आणि श्रद्धाही हळूहळू गळत चालली होती. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला शिकवायला लागले, १९६५ ला ऑक्सफर्डला ज्यू अध्ययनाचे रीडर झाले आणि पुढे तिथले या विषयाचे पहिले प्राध्यापक. ज्यू ओळखीकडेही परत आले, आणि त्याचा गाजावाजा केला नाही.

१९६२ ला त्यांनी जे केले ते मला सगळ्यात मोठे वाटते. तोवर प्रसिद्ध झालेल्या गुंडाळ्यांचे इंग्रजी भाषांतर त्यांनी पेंग्विनच्या स्वस्त कागदी आवृत्तीत आणले. शिक्षक, कामगार, विद्यार्थी कुणीही दुकानात जाऊन विकत घेऊ शकेल असे. हिब्रू आणि अरामी येणाऱ्या मूठभरांपुरता असलेला मजकूर खिशात मावू लागला. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या आणि प्रत्येक वेळी नव्याने प्रसिद्ध झालेले तुकडे त्यात घातले गेले.

पण प्रसिद्ध किती होत होते? खरा प्रश्न तिथे होता. १९५२ ला सापडलेल्या चौथ्या गुहेत एकटीत सुमारे पंधरा हजार तुकडे होते. नखाएवढे, तळहाताएवढे. ते जोडायला पूर्व जेरुसलेमच्या संग्रहालयात एक छोटे मंडळ बसवले गेले. प्रमुख फ्रेंच डॉमिनिकन पाद्री रोलाँ द व्हो. सभासद मोजके, बहुतेक पाद्री किंवा धर्मशास्त्राचे पंडित. आणि ज्यूंच्या या ग्रंथांवर काम करणाऱ्या मंडळात ज्यू एकही नाही. पूर्व जेरुसलेम तेव्हा जॉर्डनच्या ताब्यात होते आणि इस्रायलशी युद्धस्थिती होती, हे कारण खरेच होते. पण १९६७ ला इस्रायलने तो भाग घेतला तरी मंडळ तसेच ठेवले गेले. सत्ता बदलली, मक्तेदारी बदलली नाही.

सुरुवातीला या लोकांनी कष्ट उपसले, हे नाकारण्यात अर्थ नाही. चिमट्याने तुकडे उचलून काचेखाली जुळवणे सोपे नव्हे. पण वर्षे गेली, दशके गेली, आणि आपल्या वाट्याचे तुकडे ही आपली मालमत्ता अशी समजूत पक्की झाली. कोणी मेला तर त्याचा वाटा मित्राला. कोणी थकला तर आपल्या विद्यार्थ्याला पीएचडीसाठी. बाहेरच्या ज्येष्ठ अभ्यासकाला मात्र फोटोही बघायला मिळत नसे. ग्रंथ वंशपरंपरेने द्यायचा, बाहेरच्याच्या कानावर पडू द्यायचा नाही. ही व्यवस्था आपल्याला कुठे तरी पाहिल्यासारखी वाटते ना?

१९७७ ला व्हर्मेश यांनी जाहीरपणे लिहिले की हे असेच चालले तर विसाव्या शतकातला विद्याक्षेत्रातला सर्वांत मोठा घोटाळा म्हणून याची नोंद होईल. ते स्वतः प्रस्थापित होते, ऑक्सफर्डला होते, गप्प बसून त्यांचे काही बिघडत नव्हते. शिष्टाचार मोडून बोलले. तरी आणखी चौदा वर्षे लागली.

त्या चौदा वर्षांतला शेवटचा तुकडा रंजक आहे. मंडळाचे प्रमुखपद तोवर जॉन स्ट्रगनेल यांच्याकडे आले होते. थोड्या ज्यू अभ्यासकांना कामात घ्यायला त्यांनीच सुरुवात केली, हे त्यांच्या खात्यावर लिहायला हवे. पण १९९० साली इस्रायली दैनिक ‘हाआरेत्झ’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी ज्यू धर्माबद्दल अत्यंत हीन उद्गार काढले आणि त्यांना जावे लागले. ज्यांच्या पूर्वजांचे ग्रंथ चाळीस वर्षे चाळले, त्यांच्याबद्दल मनात काय होते ते बाहेर आले. पुढच्या वर्षी बांध फुटला. मंडळाने स्वतःच्या वापरासाठी एक शब्दसूची केली होती, कोणता शब्द कोणत्या तुकड्यात कशाच्या शेजारी येतो त्याची. तिच्या मोजक्या प्रती छापून काही ग्रंथालयांना दिल्या होत्या. अमेरिकेत सिनसिनाटीचे प्राध्यापक बेन झायन वाखोल्डर आणि त्यांचे विद्यार्थी मार्टिन अबेग यांनी ती सूची संगणकात घालून उलट्या दिशेने मूळ मजकूरच उभा केला आणि सप्टेंबर १९९१ मध्ये तो छापून आला. वाखोल्डर यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. ज्यांना बघू दिले जात नव्हते, त्यांच्यातल्या दिसत नसलेल्या माणसाने कुलूप तोडले! त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याकडचे सगळे फोटो अभ्यासकांना खुले केले. मग इस्रायली पुरातत्त्व खात्यानेही बंदी उठवली. नवे प्रमुख इमॅन्युएल टोव्ह यांनी मंडळ कित्येक पटींनी वाढवले. त्यात व्हर्मेशही आले आणि चौथ्या गुहेतल्या ‘समाजनियम’ ग्रंथाच्या प्रती फिलिप अलेक्झांडर यांच्यासोबत त्यांनी १९९८ ला प्रसिद्ध केल्या.

ग्रंथ खुले झाले की वाटेल ते अर्थ काढणारेही येतात. १९९१ लाच ४क्यू२८५ या क्रमांकाचा एक इवलासा तुकडा पुढे करून रॉबर्ट आयझेनमन यांनी जाहीर केले की यात मारल्या गेलेल्या मसीहाचा, म्हणजे तारणहाराचा, उल्लेख आहे. जगभर बातम्या झाल्या. ख्रिस्ती कथेचा पुरावा सापडला! व्हर्मेश यांनी डिसेंबरमध्ये ऑक्सफर्डला वीसेक अभ्यासकांना बसवले आणि अक्षर अन् अक्षर तपासले. जुन्या हिब्रूत व्यंजने लिहितात, स्वर बहुतेक वाचणाऱ्याने घालायचे. तोच शब्द एका स्वराने ‘त्यांनी मारले’ आणि दुसऱ्या स्वराने ‘त्याने त्याला मारले’ होतो. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करायला निदान अक्षर बदलावे लागले, इथे तेवढीही गरज नव्हती. मागचा-पुढचा संदर्भ लावल्यावर बैठकीचा निष्कर्ष असा निघाला की इथे दाविदाच्या कुळातला तो नायक मरत नाही, शत्रूला मारतो. सनसनाटी गेली, वाचन उरले.

आता येशूकडे येऊ. १९७३ ला व्हर्मेश यांचे ‘जीझस द ज्यू’ आले. नावातच भांडण होते. येशू ज्यू होता हे कोणी तोंडाने नाकारत नव्हते, पण कोणी ते गंभीरपणे घेतही नव्हते. चर्चसाठी तो देवपुत्र होता आणि ज्यू होते त्याचे मारेकरी. व्हर्मेश यांनी विचारले, पहिल्या शतकातल्या गालील प्रांतात असा माणूस कोणत्या साच्यात बसतो? त्यांनी दाखवले की प्रार्थनेने पाऊस पाडणारा होनी, दूरवरच्या रोग्याला प्रार्थनेने बरा करणारा गालीलचाच हनिना बेन दोसा, असे पवित्र पुरुष ज्यू परंपरेत होते. येशू त्यांच्या रांगेतला. लोकांचा, गावठी प्रदेशातला, यरुशलेमच्या पंडितांना न रुचणारा, पण पूर्णपणे ज्यू.

‘मनुष्याचा पुत्र’ या त्याच्या प्रसिद्ध बिरुदाबद्दलचे त्यांचे म्हणणे मराठी माणसाला पटकन कळेल. अरामी भाषेत ‘बर नाशा’ म्हणजे साधा ‘माणूस’, आणि बोलणारा संकोचाने स्वतःबद्दलही तसेच म्हणतो, असा त्यांचा दावा. आपली आई वैतागून म्हणते ना, ‘माणसाने करायचे तरी किती!’ तो माणूस ती स्वतःच असते. हा दावा सगळ्यांना मान्य झाला नाही. होनी-हनिनाच्या गोष्टी ज्या रब्बींच्या ग्रंथांत आहेत त्यांतला सर्वांत जुना मिश्नासुद्धा इसवी सन २०० च्या सुमाराचा, मग त्या पहिल्या शतकाला कशा लावायच्या, हाही आक्षेप रास्त आहे. पण त्या पुस्तकानंतर येशूला ज्यूंपासून तोडून त्याच्यावर गंभीरपणे लिहिणे कोणाला जमले नाही. शुरर या जर्मन विद्वानाचा येशूकालीन ज्यू इतिहासाचा जुना महाग्रंथ त्यांनी फर्गस मिलर यांच्यासह नव्याने संपादित केला, तेव्हाही ज्यूंचे धर्मजीवन म्हणजे रूक्ष नियमांचे ओझे असे रंगवणारे प्रकरण त्यांनी जसेच्या तसे जाऊ दिले नाही. संदर्भग्रंथातला द्वेष सगळ्यात टिकाऊ असतो, कारण तो तळटीपांच्या कपड्यांत येतो.

आता तो मेसेज पुन्हा वाचा. येशूला त्याच्या माणसांतून उचलायचे आणि आपल्या घरात आणून बसवायचे. चर्चने दोन हजार वर्षे हेच केले. आणि आपल्याशी हेच कोणी केले? बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार, असे कोणी सांगितले? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी ही गोष्ट खोटा प्रचार म्हणून नाकारायला लावली. आपला माणूस दुसऱ्याने गिळला की काय होते हे आपल्याएवढे कोणाला ठाऊक आहे? मग आपण ज्यूंचा माणूस कोणत्या तोंडाने गिळतो?

कोणी म्हणेल, अशोकाने धम्म पश्चिमेला पाठवला होता. पाठवला होता. तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमाय अशा ग्रीक राजांची नावे आहेत, आणि तो दगड खरा आहे. आपला अभिमान त्या दगडावर उभा राहू शकतो. पण कुमरानच्या गुंडाळ्यांत काय आहे? एस्तेर सोडून हिब्रू बायबलच्या सगळ्या पुस्तकांचे अवशेष, शब्बाथचे कडक नियम, शुद्धी-अशुद्धी, देवदूत, अंतिम युद्ध. अनात्म नाही, प्रतीत्यसमुत्पाद नाही. सामुदायिक भोजन आणि सामाईक मालमत्ता दिसली की लगेच भिक्खुसंघ दिसतो, पण साम्य म्हणजे उगम नव्हे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना परंपरेने सांगितले ते सगळे बुद्धवचन मानले नाही. बुद्ध विवेकवादी होते, म्हणून जे विवेकाला धरून नाही ते त्यांचे नसावे. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही तेही नसावे, असे निकष त्यांनी लावले. चार दृश्ये पाहून गृहत्याग ही कथा बाजूला सारून रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. व्हर्मेश यांची रीत वेगळी होती, ते भाषा आणि काळ यांच्या मोजमापाने चालत. बाबासाहेबांना जिवंत समाजासाठी धम्म उभा करायचा होता, व्हर्मेश यांना तसे काही उभे करायचे नव्हते. हा फरक पुसू नये. पण भक्तांनी चढवलेली पुटे काढून माणूस शोधायची हिंमत दोघांत सारखी.

आणि मक्तेदारीचे म्हणाल तर आपले घर बघा. १९५६ नंतर बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत, कोर्टाच्या ताब्यात पडून होती. वसंत मून यांनी ती जपली, लावली, आणि १९७९ पासून महाराष्ट्र शासनाचे खंड निघू लागले. १९८७ ला चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ आले तर राम-कृष्णावरचे परिशिष्ट काढा म्हणून रान उठवले गेले. रस्त्यावर आपली माणसे उतरली तेव्हा ते परिशिष्ट राहिले, तेही शासन या मतांशी सहमत नाही अशा टिपेसह. पुढे छपाईच इतकी रेंगाळली की २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आपल्यातल्या किती जणांनी ‘रिडल्स’ पूर्ण वाचले आहे? अभ्यासवर्गात मी हा प्रश्न विचारते तेव्हा हात फार वर जात नाहीत. मनुस्मृती जाळणाऱ्या माणसाने ती आधी ओळ न ओळ वाचली होती.

व्हर्मेश ८ मे २०१३ ला वारले, ८८ वर्षांचे होते. नाझरेथपासून निकियाच्या परिषदेपर्यंत गालीलच्या एका ज्यू माणसाचा देव कसा झाला, हे सांगणारे त्यांचे पुस्तक आदल्याच वर्षी आले होते. त्याच २०१२ च्या डिसेंबरमध्ये इस्रायली पुरातत्त्व खात्याने गूगलच्या मदतीने गुंडाळ्यांच्या तुकड्यांचे फोटो इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली. फुकट, कोणालाही. ज्या मोबाईलवर तो मेसेज येतो, त्याच मोबाईलवर ते उघडतात.